डबल नॅट की सीजीनॅट? पोर्ट उघडूनही मित्र आत येत नाहीत तेव्हा

"काय व्हयनं रे?" मी विचारलं.

रविवारी सकाळी साडेसातला अमळनेरहून भाच्याचा फोन आला की दुसरं कारण नसतं, माइनक्राफ्टचा सर्व्हर. "मामा, पोर्ट उघडलाय, तीनदा पाहिलं. मी घरातून आत जातो, पण शिरपूरच्या पोरांना 'टाइम्ड आउट' येतंय."

पोर्ट उघडणं म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरने घरातल्या नेमक्या कॉम्प्युटरकडे पाठवायची सोय करणं. ही तक्रार दोन वेगळ्या दुखण्यांची असू शकते आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. जळगावला माझ्या घरी वर्षभरापूर्वी हेच झालं होतं. तिथे जो इलाज लागू पडला तोच मी दोन रविवार अमळनेरला करत बसलो. इलाज बरोबर होता, घर चुकलं.

आधी माझं घर. वडिलोपार्जित, धाब्याचं, मातीच्या भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण वायफाय ओसरी ओलांडत नाही. म्हणून इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा पुढच्या खोलीत आणि मागच्या खोलीत मी आणलेला दुसरा राउटर, मधे केबल. ज्याच्या भिंती जाड, त्याच्याकडे राउटर दोन, असं आमच्याकडे सर्रास दिसतं. राउटर एका पत्त्यामागे घरातली सगळी यंत्रं बसवतो त्याला नॅट म्हणतात; असे दोन एकामागे एक आले की डबल नॅट. बाहेरून आलेला माणूस आधी पुढच्या दारावर थांबतो, मग मधल्या. मी फक्त मधलं दार उघडून ठेवलं होतं.

यात अवघड काही नाही, कारण दोन्ही दारांच्या किल्ल्या आपल्याच खिशात असतात. समजा कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.१०५ आहे आणि मागच्या राउटरला पुढच्या डब्याने १९२.१६८.१.७ दिलाय. मग पुढच्या डब्यात माइनक्राफ्टचा २५५६५ हा टीसीपी पोर्ट १९२.१६८.१.७ कडे पाठवायचा आणि मागच्या राउटरमध्ये तोच पोर्ट १९२.१६८.०.१०५ कडे. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो: पुढच्या डब्यात थेट कॉम्प्युटरचा पत्ता टाकतात. पुढच्या डब्याला मागची खोली दिसतच नाही, त्याला फक्त मागचा राउटर माहीत असतो. दोन्ही राउटरांनी घरात १९२.१६८.१ हीच मालिका वाटायला घेतली असेल तर मागच्याची आधी बदला, नाहीतर पुढचं सगळं वाया. आणि दोन्ही पत्ते डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे यंत्राला दरवेळी तोच पत्ता देणाऱ्या राउटरच्या सोयीत, पक्के करून ठेवा. आमच्याकडे लाइट जाते, परत येते, डबे नव्याने पत्ते वाटतात आणि कालचा नियम आज प्रिंटरकडे बोट दाखवत असतो.

खरं सांगायचं तर दोनदा फॉरवर्ड करण्यापेक्षा मधलं दारच काढून टाकलेलं मला बरं वाटतं. मागच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचं. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पुढच्या डब्याशी टक्कर न होणारा ठेवायचा, डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करायचं आणि केबल वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पोर्टमधून काढून लॅन, म्हणजे घरातल्या बाजूच्या, पोर्टमध्ये लावायची. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि फॉरवर्डिंग एकाच ठिकाणी राहतं. पुढच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे त्याने नॅट न करता जोडणी नुसती पुढे देणं, हाही मार्ग आहे, पण ते सेटिंग कंपनीने बऱ्याचदा कुलूपबंद ठेवलेलं असतं.

आता अमळनेर. भाच्याकडेही दोन राउटर, म्हणून मी डोळे झाकून तेच सगळं करायला लावलं. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट झाला, पत्ता पक्का झाला, विंडोज फायरवॉलमध्ये जावाला (हा सर्व्हर ज्यावर चालतो तो प्रोग्राम) परवानगी दिली. तरी शिरपूर बाहेरच. शेवटी जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: "कंपनीच्या डब्याच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय लिहिलाय, वाच."

"शंभर पॉइंट बहात्तर..."

बस. पुढचे आकडे मी ऐकलेच नाहीत.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. कारण साधं आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच आटला. म्हणून कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते. हेच सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट. घरातली दोन्ही दारं सताड उघडली तरी गल्लीच्या तोंडाशी तिसरं दार आहे, त्याची किल्ली कंपनीकडे. राउटरच्या पानात कितीही उलथापालथ करा, तिथपर्यंत आपला हात पोहोचत नाही.

एक सावधगिरी. सुरुवातीला शंभर दिसलं म्हणजे सीजीनॅटच असं नाही, १००.२० सारखे पत्ते सार्वजनिक असतात. उलट काही कंपन्या १० ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतात. म्हणून खात्रीची खूण एकच: कंपनीच्या डब्यावरचा वॅन आयपी आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा आयपीव्ही४ आकडा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर घोळ घरातच आहे. वेगळे असतील तर घोळ घराबाहेर. मात्र वॅन आयपी कंपनीच्या डब्यावरचाच पाहा. मागच्या राउटरवरचा पाहिलात तर डबल नॅटमध्येही आकडे वेगळे येतात, आणि लोक उगाच कंपनीला शिव्या घालतात. वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसर्ट या आज्ञेवर मी फारसा विसंबत नाही. सीजीनॅट नसतानाही कंपनीच्या आतले १० चे टप्पे त्यात दिसू शकतात.

तपासतानाही फसगत होते. पोर्ट तपासणाऱ्या साइटी सर्व्हर बंद असला तरी 'क्लोज्ड' म्हणतात, तेव्हा गेम चालू ठेवूनच बघा. घरातूनच सार्वजनिक पत्त्याने जोडायला गेलात तर काही राउटर ते परतवूनच लावतात, बाहेरच्यांना मात्र व्यवस्थित चालतं. चाचणी मोबाइल डेटावरून किंवा दुसऱ्या गावातल्या मित्राकडून करून घ्या. आणि 'टाइम्ड आउट'ऐवजी 'रिफ्यूज्ड' आलं तर बऱ्याचदा ती चांगली बातमी असते: दारापर्यंत माणूस पोहोचला, आत सर्व्हर ऐकत नाहीये.

सीजीनॅटवर इलाज मोजकेच. कंपनीकडे सार्वजनिक स्टॅटिक आयपी मागायचा, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. मागताना 'सार्वजनिक' हा शब्द सोडू नका. भाच्याला फोनवरच्या बाईंनी लॅपटॉपचा आयपी स्टॅटिक कसा करायचा हे वीस मिनिटं समजावलं. बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या डायनॅमिक डीएनएसने इथे काही होत नाही. नाव बदलून गल्लीतलं दार उघडत नाही. दोन्हीकडे आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत असेल तर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती त्यावर चालते, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट द्यावी लागते. नाहीतर बोगदा, म्हणजे मधल्या सेवेतून काढलेली वाट. टेलस्केल हे अॅप प्रत्येक मित्राने टाकायचं, किंवा प्लेइट सारखी सेवा सर्व्हरवर बसवायची, मग मित्रांना काहीच टाकावं लागत नाही. टेलस्केलही १००.६४ च्याच मालिकेतले पत्ते वाटतं. कॉम्प्युटरवर तो आकडा पाहून भाचा पुन्हा घाबरला होता.

ताईने स्टॅटिक आयपीचे पैसे द्यायला साफ नकार दिला, तेव्हा बोगदाच घातला. दुपारी शिरपूरचे दोघे आत आले. तिसरा अजून बाहेर होता, कारण तो मोबाइलवरून बेडरॉक ही माइनक्राफ्टची दुसरी आवृत्ती खेळतो आणि ती जावा सर्व्हरला तशी जोडलीच जात नाही.