उभं अक्षर आणि उघडं दार : गोव्यातील दृष्टिबाधित व दिव्यांग वाचकांच्या ग्रंथालयसेवेची पार्श्वभूमी

पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय हे देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय मानलं जातं. १५ सप्टेंबर १८३२ रोजी पोर्तुगीज राजवटीत ‘पुब्लिका लिव्रारिया’ या नावाने ते सुरू झालं. पुढे गोव्यातले धार्मिक मठ बंद करण्यात आले, तेव्हा तिथली पुस्तकं इथे आली आणि संग्रह वाढला. हे ग्रंथालय उघडलं त्याच्या तीनच वर्षं आधी, १८२९ मध्ये, लुई ब्रेल या अंध तरुणाने पॅरिसमध्ये आपल्या सहा ठिपक्यांच्या लिपीचा आराखडा प्रसिद्ध केला होता. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सार्वजनिक ग्रंथालय आणि स्पर्शाने वाचायची लिपी अशी एकाच काळात आली खरी, पण त्यांची गाठ पडायला फार उशीर लागला. सार्वजनिक म्हणजे सर्वांसाठी, हे तेव्हाही मान्य होतं. फक्त त्या ‘सर्वां’मध्ये डोळ्यांनी वाचू न शकणारा माणूस धरलेला नव्हता.

भारतात ब्रेल आली ती मिशनऱ्यांच्या शाळांमधून. १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी अंधांसाठी पहिली शाळा काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनची शाळा सुरू झाली, १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा. मात्र या शाळा वाढल्या तसा एक मोठा घोळ झाला. प्रत्येक प्रांताने, काही ठिकाणी तर प्रत्येक शाळेने, आपल्या भाषेसाठी ठिपक्यांची आपली वेगळी मांडणी केली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडचं ब्रेल पुस्तक वाचता येईना. मुळात पुस्तकं मोजकी, त्यात ती एकमेकांना उपयोगी नाहीत. अशा स्थितीत ग्रंथालय उभं राहणार कसं?

हा गुंता १९५१ मध्ये सुटला. युनेस्कोच्या पुढाकाराने बैरूतला झालेल्या बैठकीनंतर भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली आणि त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झालं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे पहिलं मोठं वळण आहे, आणि त्याची जेवढी आठवण व्हायला हवी तेवढी होत नाही. मराठीचा ‘क’, हिंदीचा ‘क’, कानडीचा ‘क’ आता एकाच ठिपक्यांचा झाला. छापील लिप्या वेगळ्या असल्या तरी बोटाखालची लिपी एक झाली.

ती कशी चालते हे एका शब्दावरून कळेल. ब्रेलच्या एका चौकटीत दोन उभ्या रांगांत सहा ठिपक्यांची जागा असते. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. ‘गोवा’ हा शब्द छापताना आपण दोन अक्षरं मोजतो. ब्रेलमध्ये त्याच्या चार चौकटी होतात : ग (१-२-४-५), ओ (१-३-५), व (१-२-३-६), आ (३-४-५). काना-मात्रा अक्षराच्या डोक्यावर किंवा पाठीला लागत नाहीत, स्वर म्हणून व्यंजनानंतर येतात. छपाईत अक्षराच्या आधी बसणारी पहिली वेलांटीही ब्रेलमध्ये व्यंजनाच्या मागून येते, म्हणजे आपण जसं उच्चारतो तशी. पाटी आणि टोचणीने हाताने लिहिताना मात्र कागद मागच्या बाजूने टोचायचा असतो, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं, आणि कागद उलटल्यावर बोट डावीकडून उजवीकडे फिरवायचं. लहान मूल हे काही महिन्यांत सहज आत्मसात करतं. चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गेलेल्या माणसाला ते जड जातं, आणि ग्रंथालयसेवेचा विचार करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

एक भाषा अनेक लिप्यांत नांदते, हे गोवेकराला वेगळं सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. कोकणीचे देवनागरी आणि रोमी असे दोन्ही वाचक आज घराघरांत आहेत. लिपीवरून एवढं बोलणाऱ्या आपल्या समाजात ब्रेल ही मराठीची आणि कोकणीचीही एक लिपी आहे, हे कुणी आवर्जून म्हणताना दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ब्रेल पुस्तकाची अडचण त्याच्या आकारात आहे. ठिपका उठून दिसावा म्हणून कागद जाड लागतो, अक्षरं ठरावीक मापाचीच असतात, लहान करता येत नाहीत. हातात मावणाऱ्या कादंबरीचे ब्रेलमध्ये चार-पाच जाडजूड खंड होतात. ते एकावर एक रचून ठेवले तर ठिपके दबतात, म्हणून कपाटात उभेच ठेवावे लागतात. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा कागदाला काय करते हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. ओल धरलेल्या कागदावरचा ठिपका बसला की ते पुस्तक फाटलेलं नसूनही वाचनातून गेलं. गावच्या एका खोलीच्या वाचनालयाने ब्रेल संग्रह ठेवायचा म्हटलं तर जागाच पुरत नाही, ही तक्रार खोटी नव्हे.

यावर जगभर निघालेला जुना उपाय म्हणजे टपाल. अंधांसाठीचं साहित्य टपालाने मोफत पाठवण्याची सोय आपल्या टपाल खात्यातही आहे. सात किलोपर्यंतच्या पाकिटाला टपालखर्च पडत नाही. म्हणजे मुंबईच्या किंवा डेहराडूनच्या संग्रहातला ब्रेल खंड गोव्याच्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या वाचकाच्या दारात फुकट येऊ शकतो. मराठी वाचकाला या वाटेचा खास उपयोग आहे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, किंवा २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक, असं महत्त्वाचं काम उभं राहिलं ते महाराष्ट्रात.

दुसरी वाट आवाजाची. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांपैकी अनेकांना ब्रेल शिकणं जमलं नाही. त्यांच्या गरजेतून १९३४-३५ च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बोलकी पुस्तकं ध्वनिमुद्रिकांवर निघाली. मग कॅसेट आल्या, पुढे सीडी, आणि नव्वदच्या दशकात ‘डेझी’ नावाची पद्धत आली. साध्या ध्वनिमुद्रणात अमुक प्रकरण शोधायचं तर सगळं पुढे-मागे करत बसावं लागतं. डेझीमध्ये प्रकरण, पान, परिच्छेद असं नेमकं जाता येतं, खूण ठेवता येते. विद्यार्थ्याला आणि संशोधकाला हीच गोष्ट हवी असते.

ऐकून वाचणं कमी दर्जाचं, असं आपल्याकडे कुणी मानू नये. श्रावणात पोथी लावायची, एकाने वाचायचं आणि घराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकायचं, ही पेडण्यापासून फोंड्यापर्यंत चालत आलेली रीत आहे. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्यांना ओव्याच्या ओव्या पाठ असत. त्यांना आपण अडाणी म्हणत नाही.

शारीरिक अपंगत्व असलेल्या वाचकाचा विचार मात्र फार मागाहून झाला. डोळे उत्तम, पण हातात पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, कंप आहे, अर्धांगवायू झालाय. अशा माणसाला छापील पुस्तक तितकंच बंद असतं. अमेरिकेने १९६६ मध्ये कायदा करून अंधांसाठीची राष्ट्रीय ग्रंथालयसेवा अशा वाचकांनाही खुली केली. आपल्याकडे यातली पहिली अडचण पुस्तकाच्याही आधी येते. ती म्हणजे जिना. गोव्यातली किती वाचनालयं पंचायतीच्या किंवा देवस्थानच्या इमारतीत माडीवर आहेत, ते एकदा आपापल्या गावात पाहावं.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा. केंद्राचा अपंगांविषयीचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा, त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ती एकवीस झाली, आणि माहिती सुगम स्वरूपात, म्हणजे ज्याला जशी वाचता येईल तशी, मिळणं हा हक्क म्हणून आला. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले पाच हजारांच्या आसपास दृष्टिदोष असलेले. वयाबरोबर नजर अधू झालेले आणि स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे वाचक या आकड्यात बहुधा नाहीतच.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो २०१२ चा कॉपीराइट कायद्यातला बदल. तोवर एखादं पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात आणायचं तर लेखक-प्रकाशकाची परवानगी मागत फिरावं लागे. पत्राला उत्तर यायचं नाही, आणि विद्यार्थ्याची परीक्षा होऊन जायची. कलम ५२ मध्ये घातलेल्या ‘झेडबी’ या पोटकलमाने ही अट काढली. नेहमीच्या स्वरूपातलं पुस्तक ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी नफा न घेता सुगम प्रत करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. ही मुभा फक्त अंधांपुरती नाही, सर्व दिव्यांगांसाठी आहे. आणि प्रत करू शकणाऱ्या संस्थांमध्ये सरकारमान्य शैक्षणिक संस्था आणि सरकारमान्य ग्रंथालयं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या माराकेश इथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय याच पायावर उभं आहे. निरनिराळ्या संस्थांनी केलेल्या सुगम प्रती तिथे एकत्र मिळतात, म्हणजे तेच पुस्तक दहा ठिकाणी दहा वेळा करावं लागत नाही.

गोव्यात आज काय आहे? सुरुवातीला सांगितलेलं पणजीचं ग्रंथालय आता कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेलं आहे, आणि तिथे ब्रेल विभाग आहे. फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान दिव्यांग मुलांच्या शिक्षणात बरीच वर्षं काम करत आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची गोवा शाखाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि दिव्यांगांचा प्रश्न निदान काही दिवस सगळ्यांच्या तोंडी आला. पण पणजीपर्यंत येणं हेच ज्याला अवघड, त्याला पणजीतला विभाग पुरत नाही.

आता पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, मोबाइलमध्ये तर ती आधीच असतात. संगणकावर चालणारं एनव्हीडीए हे त्यातलं पुष्कळांच्या वापरातलं, आणि ते मराठी बोलतं. तरीही मराठी पुस्तकांशी येऊन गाडी अडते, आणि त्याचं कारण वाचकांना सहसा ठाऊक नसतं. गेल्या तीस वर्षांत मराठी पुस्तकं जुळवली गेली ती बहुतांशी युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःचा एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये. त्या फाइलीत पडद्यावर ‘गोवा’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सॉफ्टवेअर ती चिन्हंच वाचतं, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक खडखड पडते. नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफचं तर आणखी वाईट. ते पानाचं चित्र असतं, सॉफ्टवेअर गप्प बसतं. चित्रातून अक्षरं ओळखणारी साधनं मराठीसाठी आता बरी झाली आहेत, तरी जोडाक्षरं आणि पुसट छपाई यांत चुका राहतात. कुणीतरी बसून मुद्रितं तपासावी लागतात.

हे काम तालुक्याच्या वाचनालयाला जमण्यासारखं आहे. स्कॅनर, संगणक, मराठी शुद्धलेखन येणारे दोन-तीन हौशी वाचक, एवढ्यावर महिन्याला एखादं पुस्तक सहज तयार होईल. गोव्यातल्या लेखकांची मराठी पुस्तकं छोट्या आवृत्त्यांत निघतात, ती दिल्ली-मुंबईच्या संस्थांच्या यादीत आपोआप येणार नाहीत. प्रकाशकाकडे मूळ फाइल असली तर फाँट बदलून घेणं हे स्कॅनिंगपेक्षा सोपं. सरकारी मान्यता असलेल्या वाचनालयाला यासाठी कुणाची परवानगी काढावी लागत नाही. प्रत फक्त दिव्यांग वाचकांच्याच हाती जाईल याची काळजी मात्र घ्यावी लागते, त्यासाठी सभासदाच्या दिव्यांगत्वाची नोंद आणि प्रत कुणाला दिली याची वही ठेवावी. तयार झालेली फाइल सुगम्य पुस्तकालयाशी जोडलेल्या संस्थेकडे दिली, तर तीच प्रत देशभरातल्या मराठी वाचकांना मिळू शकते.