स्पीकर एक, फोन पाच: पेअरिंगची भानगड आली कुठून

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात सकाळी आई देवघरात स्पीकर लावते आणि तो जाऊन चिकटतो आतल्या खोलीत लोळत पडलेल्या दादाच्या फोनला, मग विष्णुसहस्रनामाच्या जागी दादाचे रील वाजतात. आई म्हणते स्पीकर बिघडला. बिघडला नाहीये गं, तो ब्लूटूथवाला आहे, बनलाच तसा आहे.

ब्लूटूथचं, म्हणजे जवळच्या दोन यंत्रांना बिनवायरचं जोडण्याचं, काम १९९४ च्या आसपास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झालं, आणि १९९८ मधे इंटेल, नोकिया, आयबीएम, तोशिबा सोबत आले. डोक्यात होती फक्त वायर काढून टाकायची, म्हणजे एक माणूस, त्याचा फोन, त्याचा हेडसेट. घरातल्या पाच जणांनी एकच डबा वापरायचा हा विचारच त्यात नव्हता!! सुरवातीला पेअरिंगला, म्हणजे दोन यंत्रांची पहिली ओळख करून द्यायला, दोन्हीकडे सारखाच पिन लागायचा, पण हेडसेटला बटणं कुठून आणायची, म्हणून कंपन्या ०००० नाहीतर १२३४ फिक्स करून टाकायच्या, जो माहितीपुस्तकात छापलेला असायचा आणि ते पुस्तक तर कधीच रद्दीत गेलेलं.

२००७ मधे ब्लूटूथ २.१ सोबत सिक्युअर सिंपल पेअरिंग ही नवी पद्धत आली. दोन्हीकडे स्क्रीन असेल तर सहा आकडे दाखवून विचारतं, सारखे आहेत का. स्पीकरला स्क्रीनच नाही, म्हणून तिथे 'जस्ट वर्क्स', म्हणजे काही न विचारता जोडून मोकळा. बरं वाटलं सगळ्यांना, पण स्पीकर पेअरिंग मोडमधे असला की वरच्या किरायेदाराचा मुलगाही जोडू शकतो.

मग २०१६ चे ॲपलचे बिनवायरचे इअरफोन एअरपॉड्स, २०१७ चं गूगलचं झटपट जोडणारं फास्ट पेअर, इअरफोनची डबी उघडली की फोनवर आपोआप चित्र येतं आणि एकदा जोडलं की त्याच अकाउंटच्या बाकी फोन-टॅबवरही चालतं. पण आईचं अकाउंट वेगळं, दादाचं वेगळं! सोपं केलं ते एका माणसाच्या अनेक वस्तूंसाठी, अनेक माणसांच्या एका वस्तूसाठी नाही.

माझ्या मते घराचा विचार केला तो वायफायवाल्यांनी, फोनमधलं गाणं-व्हिडिओ वायफायवरून स्पीकर-टीव्हीवर लावणारं ॲपलचं २०१० चं एअरप्ले आणि मुख्य म्हणजे टीव्हीला लावायचं गूगलचं छोटं यंत्र, २०१३ चं क्रोमकास्ट. त्यात घराचं वायफाय हीच ओळख, ज्याच्या फोनमधे ते त्याला टीव्ही दिसणार. आणि यूट्यूबसारख्यात फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, व्हिडिओ ते यंत्र स्वतःच इंटरनेटवरून ओढतं, त्यामुळे लावणारा पोहे-जलेबी आणायला बाहेर गेला तरी चालूच राहतं. अर्थात मग कोणीही कोणाचं बंद करू शकतं, पण ती भांडणं तर रिमोटच्या काळापासूनची आहेत. २०२२ मधे ब्लूटूथमधेच ऑराकास्ट आलं, पण ते उलटं, एका फोनचा आवाज अनेकांच्या कानात.