उत्पादन शक्यता वक्र आणि विशेषीकरण

उत्पादन शक्यता वक्र : उपलब्ध साधने व तंत्र पूर्णपणे वापरून दोन वस्तू जास्तीत जास्त किती आणि कोणत्या प्रमाणात तयार करता येतील, हे दाखवणारी रेषा. रेषेच्या आतला बिंदू असेल, तर काही जमीन, यंत्रे किंवा हात रिकामे आहेत असे समजावे. बाहेरचा बिंदू आजच्या साधनांनी गाठता येत नाही. रेषेवरून सरकताना एक वस्तू अधिक हवी असेल, तर दुसरी थोडी सोडावी लागते. सोडलेली वस्तू हा पहिलीचा संधी खर्च आणि तोच वक्राचा उतार. कुणी कशात विशेषीकरण करावे, म्हणजे कोणत्या एका कामावर भर द्यावा, याचे उत्तर या उतारात असते, रेषेच्या उंचीत नव्हे. विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात.

इंदूरच्या मराठी वस्तीत घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या दोघीजणी कल्पू. रामबागेतल्या काकू पूर्ण दिवसात 12 किलो चकली किंवा 120 पुरणपोळ्या करतात; लोकमान्यनगरातल्या वहिनी 4 किलो चकली किंवा 80 पोळ्या. दोन्ही कामांत काकूंचा हात अधिक उरकतो. तरीही काकूंना एक किलो चकलीसाठी 10 पोळ्या सोडाव्या लागतात, वहिनींना 20. म्हणजे चकली काकूंना स्वस्त पडते आणि पोळी वहिनींना.

दोघींनी अर्धा-अर्धा दिवस वाटला, तर काकूंच्या 6 किलो व 60 पोळ्या, वहिनींच्या 2 किलो व 40 पोळ्या, मिळून 8 किलो आणि 100 पोळ्या होतात. आता वहिनींनी दिवसभर पोळ्याच लाटल्या आणि काकूंनी 8 किलो चकली करून उरलेल्या वेळात 40 पोळ्या केल्या, तर चकली तेवढीच राहून पोळ्या 120 होतात. काकूंनी 2 किलो चकली देऊन 30 पोळ्या घेतल्या, तर त्यांच्याकडे 6 किलो व 70 पोळ्या राहतात, वहिनींकडे 2 किलो व 50. प्रत्येकीला 10 पोळ्या अधिक मिळाल्या. एकटीने गाठता न येणाऱ्या, आपापल्या रेषेच्या बाहेरच्या बिंदूवर दोघीही अदलाबदलीमुळे पोहोचल्या. अदलाबदलीचा दर किलोमागे 10 ते 20 पोळ्यांच्या दरम्यान असला, तरच दोघींचा फायदा होतो.

दोघींची मिळून रेषा काढली, तर ती 12 किलो चकली व 80 पोळ्या या बिंदूपाशी मोडते. त्यापुढे चकली वाढवायची तर वहिनींनाही सोऱ्या हाती घ्यावा लागतो आणि खर्च दुप्पट होतो. वेगवेगळ्या कुवतीचे असंख्य उत्पादक एकत्र आले की हे मोड पुसट होतात आणि बाहेर फुगलेला वक्र तयार होतो.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्ये श्रमविभागणीचे महत्त्व मांडले, पण वहिनींसारख्या दोन्ही कामांत मागे असणाऱ्याचे काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये सोडवला. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला मद्यासाठी 80 व कापडासाठी 90 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, इंग्लंडला 120 व 100. तरी इंग्लंडने कापड विणावे हेच दोघांच्या हिताचे ठरते. 1930 च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ गॉटफ्रीड हाबरलरने हा विचार श्रमाऐवजी संधी खर्चावर उभा केला.

माळव्यात या वक्राची हालचाल शेतात पाहता येते. पावसाळ्यात चिखल धरणारी काळी जमीन पूर्वी मोठ्या प्रमाणावर खरिपात पड ठेवत आणि रब्बीत गहू, हरभरा घेत. 1970 च्या दशकापासून सोयाबीन पसरले. पड जमिनीवर ते आल्याने गव्हाचा फारसा त्याग करावा लागला नाही. नव्या पिकाने रेषाच बाहेर ढकलली. इंदूरला 1987 मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

कापड गिरण्यांचा अनुभव मात्र वक्राची मर्यादा दाखवतो. कागदावर एका बिंदूवरून दुसऱ्यावर सहज सरकता येते. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न 2023 पर्यंत रेंगाळला. सुतावर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरे काम शिकायला लागणारा काळ आणि तोवरचा घरखर्च या आकृतीत कुठेच येत नाही. विशेषीकरणाचा लाभ मोजताना तो वेगळा धरावा लागतो.