मिलिटरीची जिप्सी घरची करताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : वायरिंग आणि आतले काम

फौजेच्या लिलावातली मारुती जिप्सी घेऊन उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये येणारे बहुतेक जण आधी सीटविषयी बोलतात. मागचे आडवे बाक काढायचे, चांगल्या सीट टाकायच्या, खाली कार्पेट, वर म्युझिक. आम्ही ती कामे करतो आणि आवडीने करतो. पण आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे : आधी वायरिंग, मग पत्रा, मग फ्लोअर आणि सीट सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला की एकाच कामाला दोनदा पैसे जातात. म्हणून गाडी आमच्या हवाली करण्याआधी हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचा.

कागद आधी दाखवा

फौजेच्या गाड्यांचे बरेचसे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन बोलीतून होतात. फौजेतून सुटलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला फॉर्म 21 मधला विक्रीचा दाखला मूळ प्रतीत लागतो. तो नसेल तर आम्ही पान्यालाही हात लावत नाही, कारण नोंदणी न होणाऱ्या गाडीवर तुमचा खर्च करून घेणे आम्हाला पटत नाही. जुन्या गाड्यांच्या वयाचे नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, तेव्हा बोली लावण्याआधीच आरटीओत चौकशी करा.

रंगाचा आग्रह बहुतेक सगळेच धरतात. ‘तो मिलिटरीचा हिरवा तसाच ठेवा,’ म्हणतात. तो ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. नंबरप्लेटवरचा वर टोक केलेला बाण आणि पलटणीच्या खुणाही पुसाव्या लागतात. मडगार्डवर चाकाच्या वर रंगवलेला हवेच्या दाबाचा आकडा मात्र तुम्ही सांगितले तर आम्ही ठेवतो. तो कामाचा आहे आणि गाडीची आठवणही आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. आरसीवर जितकी आसने लिहिली आहेत तितकीच आम्ही बसवतो. संख्या बदलायची असेल तर आरटीओची परवानगी आधी आणा.

वायरिंग : आम्ही सगळ्यांत जास्त वेळ इथे का घालवतो

जिप्सी आपल्याकडे 1985 साली आली. 1996 मध्ये 1298 सीसीच्या इंजिनाची जिप्सी किंग आली आणि 2000 साली त्याच इंजिनाला एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारी रचना, मिळाली. फौजेतून सुटणाऱ्या गाड्यांत कार्बोरेटरवाल्याही असतात आणि एमपीएफआयवाल्याही. या दोन्हींच्या वायरिंगला एकच हिशेब लावून चालत नाही. एमपीएफआय गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर असतो. बॉडीला वेल्डिंग करायचे असेल तर आम्ही बॅटरीची दोन्ही टोके सोडतो आणि कॉम्प्युटरचा सॉकेट काढून ठेवतो. हे दहा मिनिटांचे काम टाळले तर वेल्डिंगच्या एका टाक्यात कॉम्प्युटर उडू शकतो.

डॅशबोर्ड उतरवला की गाडीचा पूर्वइतिहास समोर येतो. मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीने बांधून दिलेला तारांचा जुडगा, बहुतेक वेळा नीटनेटका असतो. त्यावर मागाहून जोडलेल्या तारांचा गुंता मात्र असतोच : रेडिओसाठी ओढलेली वायर, रेडिओ गेल्यावर तशीच कापून सोडलेली, टोकाला काळी चिकटपट्टी. पट्टी सोलली की आत तांबे हिरवे झालेले दिसते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ राहिला की जसा कळंक चढतो, तसाच. असा कळंक बाहेर दोन इंच दिसला तर रबराच्या आत तो अर्धा फूट गेलेला असतो. ती तार तासून पुन्हा जोडण्यात अर्थ नाही. आम्ही ती मुळापासून बदलतो.

मागे डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या धुरीच्या मध्यावरच्या गोळ्यावर, पांढरा रंग आणि त्याच्यावर उजेड पाडणारा एक बारका दिवा असेल, तर तो ताफ्याचा दिवा. रात्री बाकीचे दिवे बंद ठेवून चालताना मागच्या ड्रायव्हरने त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवायची, एवढ्यासाठी तो असतो. त्याचा स्विच मुख्य दिव्यांच्या वायरिंगमध्ये गुंतलेला असेल तर आम्ही तो वेगळा करतो. नाहीतर कधीतरी चुकून मूठ फिरते आणि भर रस्त्यात मागचे लाल दिवे बंद पडतात.

जिप्सीचे वायरिंग 12 व्होल्टचे आहे. पण तुम्ही दुसरी एखादी लष्करी गाडी आणत असाल तर ते गृहीत धरू नका. वायरलेस बसवण्यासाठी बनवलेल्या कित्येक लष्करी गाड्यांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट घेतलेले असतात. तिथे 12 व्होल्टचा मोबाइल चार्जर थेट जोडला तर तो जळेल. आम्ही मीटर लावल्याशिवाय एकही जोड देत नाही.

आता उजेडाचा हिशेब, कारण ‘दिवे मिणमिणतात, एलईडी टाका’ ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते. 55 वॉटचे दोन हॅलोजन मिळून साधारण 9 अँपिअर ओढतात. हा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून आणि बारीक तारेतून फिरून येतो. वाटेत एक व्होल्ट गळाला की हॅलोजनचा उजेड जवळपास पाव भागाने घटतो. दोष बल्बचा नसतो, वाटेचा असतो. म्हणून आम्ही बॅटरीपासून दिव्यापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची नवी तार टाकतो, मध्ये रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवतो आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे हलके काम ठेवतो. अर्थची तारही नवी घालतो, पत्रा घासून, चांगल्या थिंबलने. बल्ब तेच राहतात आणि रस्ता दिसू लागतो. हॅलोजनच्या काचेत घुसवलेला एलईडी बल्ब समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आमच्याकडे तो बसवून मिळणार नाही.

फ्यूजविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. एका गाडीला मागे दुसरी बॅटरी बसवलेली होती, आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे. बॅटरीची जाड तार इंजिनाच्या भिंतीतल्या भोकातून आत आणलेली, पण भोकाच्या धारेला रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, नाही आणि तारेला फ्यूज नाही. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात, भर पावसात, ड्रायव्हरच्या पायाशी धूर आला. पत्र्याच्या धारेने तारेचे रबर कापले होते आणि तांबे थेट बॉडीला लागले होते. पाना हाताशी होता म्हणून बॅटरीचे टोक सुटले आणि गाडी वाचली. ती गाडी ज्या दिवशी आमच्या शेडमध्ये ओढून आणली, त्या दिवसापासून आमचा नियम असा : फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, प्रत्येक भोकाला ग्रोमेट, आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेवर फ्लेक्झिबल पाइप. फ्यूज उपकरणासाठी आहे असे पुष्कळांना वाटते. तो तारेसाठी असतो. तार किती अँपिअर सोसेल ते पाहून फ्यूज ठरतो, टेप किती वॉटचा आहे ते पाहून नव्हे.

दुसरी बॅटरी कोणाला लागते

रानात मुक्काम करणाऱ्यांना, आणि ज्यांना गाडीत फ्रीज हवा त्यांना. बाकी कोणाला नाही. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाच्या सरासरीत ताशी दोन अँपिअरच्या आसपास घेतो. 100 अँपिअर-तासाच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावे, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हिशेब एका दिवसाचा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायला हवी.

दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये आम्ही व्होल्टेज पाहून चालणारा रिले बसवतो. इंजिन चालू असताना तो दोन्ही जोडतो आणि बंद झाले की तोडतो. फ्रीजने मागची बॅटरी उतरवली तरी सकाळी सेल्फ मारायला पुढची भरलेली राहते. लिथियम बॅटरी हवी असेल तर नुसत्या रिलेवर आम्ही ती जोडून देत नाही. लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) इतका प्रवाह खेचते की तो तापून जळू शकतो. तिला मध्ये डीसी ते डीसी चार्जर लागतो, आणि त्याचा खर्च आम्ही आधीच सांगतो.

इन्व्हर्टरवर चहाची किटली चालेल का, असे एका ताईंनी विचारले होते. 1500 वॉटची किटली 12 व्होल्टवर सव्वाशे अँपिअरहून जास्त मागते. तेवढ्यासाठी छोटा गॅसचा स्टोव्ह बरा, आणि तो गाडीबाहेर पेटवायचा. कॅमेरा आणि लॅपटॉप यांच्यासाठी 300 वॉटचा इन्व्हर्टर पुरतो. त्यालाही 30 अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणून त्याची तार आम्ही जाडच टाकतो.

फ्लोअर आणि पत्रा

रबरी मॅट उचलल्यावर काय दिसेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पत्र्याच्या कामाचा अंदाज आम्ही मॅट उचलल्यानंतरच देतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरवर ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर खाली गंज. ड्रायव्हरच्या टाचेची जागा आणि बॉडी चासीवर टेकते त्या जागा आधी जातात. हिरव्या रंगाखाली दुसरा हिरवा, त्याखाली तिसरा, ब्रशने मारलेले असे थर निघतात. त्यांनी गंज झाकलेला असतो, थांबवलेला नसतो. आम्ही ते पत्र्यापर्यंत खरवडतो.

फौजेच्या गाडीत फ्लोअरला पाणी जायची भोके आणि त्यांना रबरी बुचे असतात. ती बुजवू नका. आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या पावसात हूडच्या शिवणीतून पाणी आत येतेच, कितीही चांगला हूड असला तरी. ते बाहेर जायला वाट हवी. याच कारणासाठी आम्ही घरातल्यासारखे जाड कार्पेट आणि त्याखालचा नमदा लावत नाही. नमदा पाणी पितो आणि दसऱ्यापर्यंत ओला राहतो. आवाज कमी करायला ब्युटाइल रबराचे पट्टे थेट पत्र्यावर चिकटवतो, वर पाणी न शोषणारा फोम आणि त्यावर सुटी रबरी मॅट. मॅट उचलली, पाइपने फ्लोअर धुतला, बुचे काढली, काम झाले. शेतावर जाणाऱ्या आणि चिखलात उतरणाऱ्या गाडीला हेच शोभते.

तुम्ही स्वतः घरी काही बसवणार असाल तर एकच विनंती. मागच्या फ्लोअरमध्ये स्क्रू मारू नका. खाली पेट्रोलची टाकी आहे.

सीट, कप्पे आणि वजन

फोम 40 डेन्सिटीचा, वर रेक्झिन किंवा कॅनव्हास. रेक्झिन धुता येते पण मे महिन्यात पाठीला चिकटते, कॅनव्हास थंड राहतो पण वाळायला वेळ घेतो. आमचे मत विचाराल तर बसायची जागा कॅनव्हासची आणि कडा रेक्झिनच्या. मागे समोर तोंडाची सीट बसवायची असेल, आणि कागदावर ती बसत असेल, तर तिचे आणि पट्ट्याचे बोल्ट नुसत्या पत्र्यात आम्ही घेत नाही. खाली जाड प्लेट देतो. आडव्या बाकावर लहान मुलांना बसवून हायवेला जाऊ नका, हे आम्ही प्रत्येक आईवडिलांना सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगत राहू.

मागचे कप्पे 12 मिलिमीटर मरीन प्लायचे, चार बोल्ट सोडले की अख्खे उतरणारे. जिप्सी स्वतः टनभराची हलकी गाडी आहे. बॅटरी, पाण्याचे दोन कॅन, कप्पे, हत्यारे म्हणत म्हणत सहज दीडशे किलो मागे चढतात आणि घाटातल्या वळणावर ते जाणवतात. जड वस्तू खाली आणि मागच्या धुरीच्या पुढे, हे आम्ही सामान न बघताच आखून घेतो.

एसी? कापडी हूड असेल तर आम्ही नाही म्हणतो. गार हवा शिवणीतून निघून जाते आणि पैसे वाया जातात.

झाकण्याआधी बोलावू, आणि देताना काय देऊ

वायरिंग पूर्ण झाले आणि डॅशबोर्ड, फ्लोअर अजून उघडे आहेत, अशा दिवशी आम्ही तुम्हाला फोन करतो. तासभर काढून या. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते तुम्हाला दाखवतो. सगळे दिवे लावून बॅटरी आणि हेडलाइट यांच्यातला फरक मीटरवर तुमच्यासमोर मोजतो. तो अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. गाडी बंद करून बॅटरीतून किती प्रवाह झिरपतो तेही मोजतो. तो 50 मिलिअँपिअरच्या वर गेला तर काम पुरे झाले असे आम्ही धरत नाही. तुमचे समाधान झाल्यावरच मॅट आणि सीट चढतात. त्या दिवशी येणे जमत नसेल तर काम तुमच्यासाठी थांबवून ठेवू, पण न दाखवता झाकणार नाही.

गाडी नेताना ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा मराठीत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला असेल. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकडा आहे, तोच नकाशात आहे. सोबत प्रत्येक मापाचे दोन फ्यूज, एक रिले आणि बॅटरीच्या टोकाला लागणारा 10 नंबरचा पाना एका डबीत ठेवलेला असतो. ती डबी ड्रायव्हरच्या सीटखाली, हात पोहोचेल अशी.