एसीची क्षमता आणि वीजभार वाढवण्याचा अर्ज: मराठवाड्यातील घरमालकांसाठी माहिती

मार्च सरत आला की मराठवाड्यातील दुकानांमध्ये ‘खोली केवढी?’ एवढ्या एकाच प्रश्नावर दीड टनाचा एसी विकला जातो, आणि तो भिंतीवर चढल्यानंतर घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार (एकावेळी वापरायला वीज कंपनीने मान्य केलेली वीज) किती आहे याची आठवण होते. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी छत आणि पश्चिमेची भिंत पाहावी, त्यावरून टन ठरवावेत, त्यानंतर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा आणि यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. यंत्रावर छापलेली ही क्षमता बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान धरून मोजलेली असते. परभणी किंवा नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा तेच यंत्र छापील आकड्यापेक्षा कमी थंडावा देते आणि वीज मात्र जास्त ओढते. म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकात जास्त तापमानाला मिळणारी क्षमता दिली आहे का, हे विचारून घ्यावे. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा कोंदट डक्टमध्ये बसवले, तर ही घट आणखी वाढते.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत छत्रपती संभाजीनगर (तेथील नोंदीत औरंगाबाद) उष्ण-कोरड्या हवामान विभागात येते. अशा हवामानात वरच्या मजल्यावरील खोलीचा मोठा शत्रू म्हणजे उघडा स्लॅब. १२ फूट बाय १४ फुटांच्या खोलीचे छत सुमारे १५.६ चौरस मीटर भरते. उघड्या काँक्रीटमधून दर चौरस मीटरला, तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे, ३ वॅट उष्णता येते असे धरले आणि उन्हाने तापलेली गच्ची आणि खोली यांच्या तापमानातील फरक २५ अंश मानला, तर एकट्या छतातून सुमारे १,१७० वॅट आत येतात. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने छतासाठी हाच आकडा जास्तीत जास्त १.२ ठरवला आहे. तेवढे उष्णतारोधन केले, तर तेच १,१७० वॅट ४७० च्या आसपास येतात, म्हणजे एक-पंचमांश टन वाचतो. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी असल्याने बहुतेक घरांना लागू होत नाही, तरी हा आकडा उपयोगी आहे. माळवदाच्या जाड मातीखाली वाढलेल्या पिढीला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. छताखेरीज पश्चिमेची भिंत, काचा, दर माणसामागे साधारण १०० ते १३० वॅट आणि टीव्ही-फ्रिजची उष्णता मिळवली की बेरीज पूर्ण होते.

कूलरचा पर्यायही खुला ठेवावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण जूनच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत त्याला पाजायला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. हिवाळ्यासाठी वेगळ्या हीटिंग यंत्रणेची गरज येथे सहसा नसते. परभणीची पहाटेची थंडी बोचरी असली, तरी तेवढ्यासाठी गरम-थंड दोन्ही देणारा एसी पुरतो.

आता वीजभार. दीड टनाच्या एसीला सुमारे १.६ किलोवॅट, गीझरला २, एक अश्वशक्तीच्या पंपाला ०.७५ आणि फ्रिज, पंखे व दिव्यांना मिळून ०.७ किलोवॅट धरले, तर बेरीज ५ किलोवॅटच्या वर जाते. अनेक जुन्या घरांच्या बिलावर मंजूर भार १ किलोवॅट किंवा त्याहूनही कमी छापलेला असतो. ही तफावत भारवाढीच्या अर्जाने भरून काढावी लागते. वस्तीचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) मंजूर भारांच्या हिशेबावर बसवलेले असल्याने न कळवलेल्या एसींचा ताण शेवटी सगळ्या गल्लीला सोसावा लागतो.

जोडणी ज्याच्या नावावर आहे, तो ग्राहक या अर्जास पात्र असतो. भाडेकरूने घरमालकाची लेखी संमती आणि भाडेकरार जोडावा. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून, मोबाइल ॲपवरून किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो. बारा अंकी ग्राहक क्रमांक, अलीकडचे बिल, ओळखपत्र, मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा, उपकरणांच्या भाराचा तक्ता आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल एकत्र ठेवावा. अर्जानंतर प्रक्रिया शुल्क आणि वाढीव सुरक्षा ठेवीची मागणी निघते.

अर्ज बहुधा अडतो तो नावावर. मीटर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर आणि अर्ज करणारा नातू, अशी स्थिती असेल तर भारवाढीआधी नावबदल करून घ्यावा. त्यासाठी मृत्यू दाखला, इतर वारसांचे ना हरकत पत्र आणि शहरात मालमत्ता कराची पावती किंवा गावात नमुना आठचा उतारा आधीच काढून ठेवावा. ग्रामपंचायतीचा उतारा आणि आधार कार्ड यांवरील नावाचे लेखन जुळते का, हेही पाहून घ्यावे.

वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून जोडणीतील बदलासाठी नगरपालिका-महानगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मर्यादा आहे. महानगर (मेट्रोपॉलिटन) क्षेत्रांसाठी ती ३ दिवस आहे. नवी वाहिनी टाकावी लागत असेल, तर जास्त वेळ लागतो. तीन फेज घेतल्यास स्थिर आकार (वापर कितीही असला तरी बिलात दरमहा लागणारी रक्कम) वाढतो, म्हणून बेरीज एका फेजमध्ये बसत असेल तर उगाच तीन फेज मागू नये.

नवे घर बांधणाऱ्यांनी ही बेरीज नकाशाच्या टप्प्यावरच वास्तुविशारदाकडून करून घ्यावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर आणि उष्ण-कोरड्या हवामानात खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक-दशांश असावे लागतात. बाहेरच्या युनिटची जागा आणि एसीचे स्वतंत्र वायरिंग त्याच नकाशावर दाखवून घेतले, तर पुढे भिंत फोडावी लागत नाही. मंजुरीनंतर येणाऱ्या पहिल्या बिलावर मंजूर भाराचा आकडा बदलला आहे का, ते पाहावे आणि बदलला नसेल तर पोचपावतीची प्रत घेऊन त्याच उपविभागीय कार्यालयात दुरुस्ती मागावी.