टांकसाळीची चूक की खाऱ्या हवेची करणी?

कोकणात नाण्याचे हाल व्हायला निमित्तं भरपूर. मासळीबाजारात ते खारट, ओल्या हातांतून फिरतं. पुलावरून गाडी जाताना कुणीतरी हात जोडून ते खाडीत टाकतं. पोरं ते रुळावर ठेवून बघतात. मग असं एखादं खाल्लेलं, पसरलेलं किंवा अर्ध्या अक्षरांचं नाणं कुणाच्या हाती लागलं की ‘एरर कॉईन आहे, लाखाला जाईल’ ही बातमी वाडीभर होते. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून लोकांकडून कमिशन आणि कर मागितला जातोय, तो भरू नका, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं. त्यावरून हा नाद किती पसरलाय ते कळतं.

एरर म्हणजे नाणं टांकसाळीतून बाहेर पडण्याआधी झालेली चूक. नंतर जे होतं ते नुकसान. दोन्ही वरवर सारखी दिसतात, पण नाणं हातात घेऊन एकच विचारायचं: इथला धातू गेला कुठे?

सोप्यापासून सुरुवात करू. नाण्यावर एक बारीक वाकडी रेघ आहे. टॉर्च तिरका धरा, रेघेवरून नख फिरवा. रेघ वर आलेली असेल तर नाण्यावर चित्र उठवणाऱ्या ठशालाच तडा गेला होता. दाब बसला तेव्हा धातू त्या तड्यात शिरला आणि नाण्यावर उंचवटा झाला. रेघ आत गेलेली असेल तर तो ओरखडा, मग तो कितीही सुबक असो.

कड तुटल्यासारखं दिसणारं नाणं जास्त फसवतं. टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात, लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापाव्यात तशा. पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशा चकतीवर ठसा बसतो तेव्हा जवळची अक्षरं त्या पोकळीकडे ओढली जातात, कडेला पातळ होत विरतात. याहून पक्की खूण मात्र कडेवरच, बरोबर समोरच्या बाजूला सापडते. ठसा मारण्याआधी चकतीची कड दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड बहुधा फिकी, बसकी राहते. कानशीने घासलेल्या किंवा छिन्नीने तोडलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षर मध्येच कचकन तुटतं. वजनावरून इथे निकाल लागत नाही, कारण धातू दोन्हीत कमीच असतो.

दुसऱ्या जोडीतही वजनाने निकाल लागत नाही. ठसा बसताना चकतीभोवती एक कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. ते जागेवर नसेल तर धातू बाहेर पसरतो आणि नाणं नेहमीपेक्षा रुंद होतं. रेल्वेखाली सापडलेलं नाणंही रुंदच होतं, आणि वजन दोघांचंही जवळजवळ पूर्ण भरतं. १९९२ ते २००४ मधला स्टीलचा रुपया असेल तर ४.८५ ग्रॅम. मग बघायचं अक्षरांकडे. कॉलरविना बसलेल्या ठशात मधली अक्षरं नीटस, खोल असतात. फक्त कड सपाट आणि बेढब. चाकाने मात्र नाणं एकाच दिशेला लांबवलेलं असतं, सिंह आणि आकडे दोन्ही बाजूंनी चेपून चकचकीत झालेले असतात.

सगळ्यात झकास लबाडी उलट्या चित्राची. कधी कधी ठोकलेलं नाणं वरच्या किंवा खालच्या ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं बसतं. त्या बाजूला चित्र उलटं आणि आत दबलेलं उमटतं, दुसरी बाजू नेहमीसारखी. गॅरेजमधल्या वाइसमध्ये दोन नाणी एकमेकांवर आवळली तरी उलटं चित्र मिळतं. फरक तळाशी असतो: खऱ्या चुकीत त्या बाजूला दुसरं चित्र कधी नव्हतंच. वाइसच्या नाण्यात मूळ अक्षरांची चेपलेली भुतं शिल्लक असतात. भिंगाने शोधली की सापडतात.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, मात्र हे नियम लावू नका. ती हाताने, हातोड्याने ठोकलेली. ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा. ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर बाहेर राहणं हे तिथे रोजचंच. तसंच टांकसाळीच्या खुणेचं. सालाखाली हिरा असेल तर नाणं मुंबईचं. काहीच नसेल तर खूण राहून गेली असं समजू नका, कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच.

आणि आमसूल. आपल्याकडे पितळ घासायला चिंच किंवा आमसूल घेतात, तसंच कुणीतरी पिवळं पाच रुपयांचं नाणंही रात्रभर आंबट पाण्यात ठेवतं. सकाळी ते गुलाबीसर तांबूस दिसतं, कारण आम्लाने पृष्ठभागावरचं जस्त खाल्लं आणि तांबं वर उरलं. लगेच ‘तांब्याचे पाच रुपये’ तयार! चुकीच्या धातूवर ठसा पडणं ही खरी चूक असते, पण ती बहुधा दुसऱ्याच नाण्याची चकती यंत्रात शिरल्यामुळे होते, म्हणून आकार किंवा वजनही जुळत नाही. सोनाराच्या काट्यावर ते आंबवलेलं, २०१९ आधीचं नाणं सहा ग्रॅमच्या आसपास भरलं आणि रुंदी २३ मिलिमीटर आली, तर टांकसाळीला दोष देण्यात अर्थ नाही.