दाबोळी, मोपा आणि ‘बंद’ या शब्दाचा घोळ

मुरगाव बंदर आणि तिथून दूधसागरचा घाट चढणारी मीटरगेज रेल्वे ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची जोडी. बंदराला खरे दिवस दाखवले ते लोहखनिजाने. मांडवी-झुवारीतून भरलेल्या बार्ज यायच्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तशा त्या काठाला लागल्या. पण वाद पेटत राहिला तो गोव्याच्या विमानतळाचा.

मुरगावजवळच्या दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये, भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या काळात बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये तिच्यावर बॉम्ब पडले. तरी घाईघाईने डागडुजी करून दोन प्रवासी विमाने रात्रीच कराचीकडे निसटली! मुक्तीनंतर धावपट्टी नौदलाकडे गेली, ती आजवर.

म्हणून दाबोळीला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. टर्मिनल, चेक-इनच्या रांगा, पार्किंग एवढे नागरी. धावपट्टी आणि एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, नौदलाचे. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास लष्करी सरावाला राखीव असायचे आणि प्रवासी विमानांनी उरलेल्या वेळात दाटीवाटीने बसायचे.

२००० मध्ये केंद्राने उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या पठारावर मोपा इथल्या नव्या विमानतळाला तत्त्वतः मान्यता दिली, तीच एक अट घालून: मोपा सुरू झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद. लोकांनी वाचले, ‘दाबोळी बंद’. खरे तर धावपट्टी कुठेच जाणार नव्हती, जाणार होता प्रवासी. पण सासष्टी-मुरगावच्या टॅक्सीवाल्याला हा फरक समजावून काय उपयोग? भाडे गेले की त्याचा विमानतळ गेलाच. दहा वर्षे या एका शब्दावर मोर्चे आणि निवडणुका झाल्या. २०१० मध्ये केंद्राने अट मागे घेतली, तरी संशय राहिलाच. अलीकडे काही परदेशी विमाने मोपाला वळली, तेव्हा तो पुन्हा वर आला.

पेडण्यात जमीन गेलेल्यांचे गाऱ्हाणे मात्र या गदारोळात कोपऱ्यात पडले. पठारावरच्या झाडांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१९ मध्ये काम थांबले, २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून विमाने उडू लागली.

बांदा-सावंतवाडीकरांना मोपा घराजवळचा. २०२१ मध्ये उघडलेला त्यांचा चिपी विमानतळ त्याच्यापुढे झाकोळला. दक्षिण टोकाच्या काणकोणकराला मात्र मोपा गाठायचे तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. त्यामुळे तिकीट काढताना तो आधी विमानतळाचा कोड बघतो: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा.